वस्तुसंग्रहालयाच्या नियतकालिकाची पुनर्मांडणी

वस्तुसंग्रहालयाच्या नियतकालिकाची पुनर्मांडणी म्हणजे एखाद्या वस्तुसंग्रहालयाकडून प्रकाशित होणाऱ्या पत्रिकेचे किंवा मासिकाचे बाह्य रूप, पृष्ठरचना, अक्षररूपे आणि लेखविभाग हे त्या संस्थेच्या दृश्य ओळखीशी सुसंगत करण्याची प्रक्रिया होय. संस्थेचे नाव बदलणे, नवे बोधचिन्ह स्वीकारणे, इमारतीचे जतन-संवर्धन पूर्ण होऊन संग्रहालय नव्याने खुले होणे किंवा वाचकवर्ग बदलणे ही अशा पुनर्मांडणीची प्रमुख कारणे असतात. वृत्तपत्राचा अंक दुसऱ्या दिवशी शिळा होतो. संग्रहालयाच्या पत्रिकेचे तसे नसते. तिच्यातील लेख अनेक दशकांनंतरही संशोधनात उद्धृत होतात. त्यामुळे संस्थेचा नवा चेहरा दाखवणे आणि जुन्या अंकांशी असलेले सातत्य राखणे ही दोन्ही उद्दिष्टे या कामात एकत्र सांभाळावी लागतात.

संज्ञा

मराठीत 'संग्रहालय' हा शब्द वस्तुसंग्रहालय आणि ग्रंथसंग्रहालय या दोहोंसाठी रूढ आहे. ठाणे येथे १८९३ मध्ये स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय हे दुसऱ्या अर्थाचे प्रसिद्ध उदाहरण आहे. प्रस्तुत लेखात 'संग्रहालय' हा शब्द वस्तुसंग्रहालय या अर्थानेच वापरला आहे.

'दृश्य ओळख' ही संज्ञा इंग्रजीतील ब्रँड आयडेंटिटी या संकल्पनेसाठी योजली जाते. तीत बोधचिन्ह, संस्थेचे नाव लिहिण्याची ठरावीक पद्धत, निवडलेले टंक, रंगसंगती, छायाचित्रांची शैली आणि मजकुराचा सूर यांचा समावेश होतो. या सर्वांचे नियम ज्या पुस्तिकेत नोंदवलेले असतात तिला ओळख-पुस्तिका म्हणतात. बोधचिन्ह हा दृश्य ओळखीचा केवळ एक भाग आहे. म्हणून मुखपृष्ठावर नवे बोधचिन्ह छापणे म्हणजे पुनर्मांडणी नव्हे.

पार्श्वभूमी

संग्रहालयांच्या नियतकालिकांचे ढोबळमानाने तीन प्रकार आढळतात. पहिला प्रकार संशोधनपत्रिकेचा. संग्रहातील वस्तूंचा अभ्यास, नव्याने मिळवलेल्या वस्तूंच्या नोंदी आणि तज्ज्ञांचे निबंध तीत प्रसिद्ध होतात. दुसरा प्रकार वार्तापत्राचा असून त्यात प्रदर्शने, व्याख्याने आणि कार्यशाळा यांची माहिती असते. तिसरा प्रकार सर्वसामान्य वाचकांसाठी काढलेल्या सचित्र मासिकाचा किंवा त्रैमासिकाचा आहे. एकच दृश्य ओळख या तिन्ही प्रकारांना सारख्याच पद्धतीने लागू करता येत नाही. संशोधनपत्रिकेत तळटिपा, कोष्टके आणि शिलालेखांचे पाठ असतात, तर सचित्र मासिकात छायाचित्रांना प्राधान्य असते.

न्यूयॉर्क येथील मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्टचे 'बुलेटिन' नोव्हेंबर १९०५ मध्ये सुरू झाले. १९४२ मध्ये त्याची नवी मालिका आरंभली गेली आणि खंडांचे क्रमांक पुन्हा एकपासून मोजले जाऊ लागले. त्यामुळे या पत्रिकेचा संदर्भ देताना जुनी मालिका की नवी, याचा उल्लेख करावा लागतो. रूप बदलताना क्रमांकनाबाबत घेतलेला निर्णय संदर्भपद्धतीवर किती दीर्घकाळ परिणाम करतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

पश्चिम भारतातील स्थिती

पश्चिम भारतात संग्रहालयांच्या दृश्य ओळखीचा प्रश्न प्रामुख्याने नामांतराशी जोडलेला आहे.

मुंबईतील भायखळा येथील राणीच्या बागेतले संग्रहालय २ मे १८७२ रोजी 'व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम' या नावाने जनतेसाठी खुले झाले. या संग्रहालयाच्या उभारणीत पुढाकार घेणारे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव १ नोव्हेंबर १९७५ रोजी त्याला देण्यात आले. बृहन्मुंबई महानगरपालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात २००३ मध्ये झालेल्या करारानुसार इमारतीचे व संग्रहाचे जतन करण्यात आले. या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातील सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा खुले झाले.

मुंबईच्या काळा घोडा परिसरातील 'प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम ऑफ वेस्टर्न इंडिया' या संग्रहालयाची पायाभरणी ११ नोव्हेंबर १९०५ रोजी झाली. वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट यांनी आराखडा केलेली ही इमारत पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली. १० जानेवारी १९२२ रोजी तिचे संग्रहालय म्हणून उद्घाटन झाले. १९९८ मध्ये या संस्थेला 'छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय' हे नाव देण्यात आले.

या संग्रहालयाच्या संशोधनपत्रिकेचे नाव 'बुलेटिन ऑफ द प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम ऑफ वेस्टर्न इंडिया' असे होते. तिचा पहिला अंक १९५०-५१ या वर्षाचा आहे. भारतीय कला, वेशभूषा आणि व्यापारमार्ग यांचे अभ्यासक डॉ. मोतीचंद्र हे त्या काळात संग्रहालयाचे संचालक होते. प्राचीन भारतातील हस्तिदंती वस्तूंवरील त्यांचा प्रदीर्घ निबंध या पत्रिकेच्या सहाव्या अंकात, म्हणजे १९५७-५९ च्या अंकात प्रसिद्ध झाला. तो आजही त्या जुन्या नावानिशीच उद्धृत केला जातो. संस्थेचे नाव बदलले तरी प्रसिद्ध झालेल्या अंकाचे नाव मागे जाऊन बदलता येत नाही. परिणामी एकाच संस्थेचा शोध घेणाऱ्या वाचकाला ग्रंथालयाच्या तालिकेत दोन्ही नावे पाहावी लागतात.

बडोद्याच्या संग्रहालयाच्या पत्रिकेतही असेच स्थित्यंतर दिसते. सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या काळात उभ्या राहिलेल्या या संग्रहालयाची पत्रिका १९४३-४४ मध्ये हर्मन गोएट्झ यांच्या कारकिर्दीत सुरू झाली. आरंभी तिच्या नावात 'बडोदा राज्य संग्रहालय' असा उल्लेख होता. १ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढील काळातील अंकांच्या शीर्षकातून 'राज्य' हा शब्द वगळला गेला. या ठिकाणी बदलाचे कारण राजकीय घटना हे होते, पत्रिकेची मांडणी नव्हे.

मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे जर्नल हे संग्रहालयाचे मुखपत्र नसले तरी त्याचा दाखला येथे उपयुक्त ठरतो. रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा, एशियाटिक सोसायटी ऑफ बॉम्बे आणि २००२ पासून एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई अशी संस्थेची नावे बदलत गेली आणि जर्नलचे शीर्षकही त्यांच्या पाठोपाठ बदलले. सोपारा येथील स्तूपात पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये सापडलेले अवशेष याच संस्थेकडे आहेत. जुन्या ठाणे जिल्ह्यातील या स्थळाविषयी वाचू इच्छिणाऱ्याला म्हणूनच जर्नलच्या जुन्या शीर्षकाचीही माहिती असावी लागते.

अन्य देशांतील उदाहरणे

ॲमस्टरडॅम येथील स्टेडेलिक म्युझियमचे १९४५ ते १९६२ या काळातील संचालक विलेम सँडबर्ग हे स्वतः मुद्रणसंकल्पक होते. त्यांनी संग्रहालयाच्या शेकडो पुस्तिकांची व भित्तिपत्रकांची रचना स्वतः केली. फाडलेल्या कागदाच्या कडांपासून केलेली अक्षरे आणि साधा, खरखरीत कागद ही त्यांच्या कामाची खूण ठरली. त्यांच्यानंतर विम क्राउवेल यांनी त्याच संस्थेच्या प्रकाशनांसाठी काटेकोर ग्रिडवर आधारलेली रचना अवलंबिली. ओळख-पुस्तिका ही संकल्पना सर्वत्र रूढ होण्यापूर्वीच केवळ प्रकाशनांमधून एखाद्या संग्रहालयाची ओळख घडू शकते, याचे हे उदाहरण मानले जाते.

लंडन येथील व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियमचे बोधचिन्ह ॲलन फ्लेचर यांनी १९८९ मध्ये तयार केले. बोडोनी या अठराव्या शतकातील टंकावर आधारित असलेल्या या चिन्हात इंग्रजी 'ए' अक्षराचा डावा पाय काढून टाकला असून त्याची जागा 'आणि' या अर्थाच्या चिन्हाने घेतली आहे. हे बोधचिन्ह अनेक दशके टिकून राहिले.

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने फ्रँकलिन गॉथिक या टंकाचा दीर्घकाळ वापर केला. या शतकाच्या आरंभी मॅथ्यू कार्टर यांनी मूळ धातूच्या खिळ्यांचा अभ्यास करून संस्थेसाठी त्याची नवी आवृत्ती सिद्ध केली. हा बदल सामान्य प्रेक्षकाच्या सहज लक्षात येणारा नव्हता. जुनी ओळख न मोडता ती दुरुस्त करण्याच्या पद्धतीचा हा नमुना होय.

ब्रिटनमधील टेट संग्रहालयांनी २००० मध्ये टेट मॉडर्नच्या उद्घाटनाच्या वेळी एकत्रित दृश्य ओळख स्वीकारली. 'टेट एट्सेट्रा' हे त्यांचे मासिकवजा नियतकालिक २००४ मध्ये सुरू झाले. लंडनमधील दोन आणि लिव्हरपूल व सेंट आयव्हज येथील प्रत्येकी एक अशा चार दालनांचे ते सामाईक प्रकाशन आहे. संस्थेच्या जाहिरातीपुरते मर्यादित न राहता कलाविषयक स्वतंत्र लेखन प्रसिद्ध करणे हे त्याचे वैशिष्ट्य आहे.

ॲमस्टरडॅमचे राइक्सम्युझियम दीर्घ नूतनीकरणानंतर एप्रिल २०१३ मध्ये पुन्हा उघडले. इर्मा बूम यांनी तयार केलेल्या त्याच्या नव्या बोधचिन्हात 'राइक्स' आणि 'म्युझियम' हे दोन शब्द अंतर ठेवून लिहिलेले आहेत. डच शुद्धलेखनानुसार हा एकच शब्द असल्याने भाषाप्रेमींनी त्यावर आक्षेप घेतला. सलग मजकुरात मात्र संस्थेचे नाव एकाच शब्दात लिहिले जाते. बोधचिन्हातील लेखन आणि मजकुरातील लेखन यांचे नियम वेगळे ठेवण्याचा हा प्रकार संपादकांसाठी महत्त्वाचा दाखला आहे.

पुनर्मांडणीचे टप्पे

पुनर्मांडणीचा आरंभ सामान्यतः जुन्या अंकांच्या परीक्षणाने होतो. कोणते विभाग नियमित चालू आहेत, कोणत्या लेखांचा संदर्भ वारंवार दिला जातो, पानाचा आकार किती वेळा बदलला आणि अंक कोणापर्यंत पोहोचतो याची नोंद केली जाते. त्यानंतर पुढील घटकांवर निर्णय घेतला जातो.

• मास्टहेड: मुखपृष्ठावरील नियतकालिकाचे नाव. ते संस्थेच्या बोधचिन्हाशी स्पर्धा करणारे नसावे, अशी अपेक्षा असते. दोन्ही एकाच ठळकपणाने छापल्यास मुखपृष्ठावर दोन शीर्षके असल्यासारखे दिसते.

• ग्रिड: पानावरील स्तंभ, समास आणि चित्रांच्या जागा यांची आखणी. संशोधनलेखासाठी एक किंवा दोन स्तंभ, तर वार्ताविभागासाठी तीन स्तंभ अशी मिश्र रचना आढळते.

• टंक: मुख्य मजकूर, शीर्षके, तळटिपा आणि चित्रओळी यांसाठी निवडलेली अक्षररूपे. बोधचिन्हासाठी निवडलेला ठळक टंक सलग मजकुरासाठी सहसा योग्य नसतो. त्यामुळे त्याच्याशी जुळणारा वाचनसुलभ टंक स्वतंत्रपणे निवडावा लागतो.

• रंग: ओळख-पुस्तिकेतील रंग पडद्यावर आणि कागदावर एकसारखे उमटत नाहीत. चौरंगी छपाईत न साधणारी छटा हवी असल्यास स्वतंत्र शाई वापरावी लागते व छपाईचा खर्च वाढतो. संग्रहातील वस्तूंच्या छायाचित्रांवर मात्र संस्थेच्या रंगाची छटा चढवली जात नाही, कारण वस्तूचा मूळ रंग हा अभ्यासाचा विषय असतो.

• चित्रओळी: वस्तूचे नाव, काळ, स्थळ, माध्यम, मापे, संग्रहातील नोंदणी क्रमांक आणि श्रेयनाम यांचा क्रम निश्चित केला जातो. मांडणी सुटसुटीत करण्याच्या प्रयत्नात प्रथम कात्री लागते ती याच तपशिलाला. नोंदणी क्रमांक गाळलेले छायाचित्र संशोधकाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी ठरते.

• कागद व बांधणी: पृष्ठसंख्या फर्म्यांच्या हिशेबाने ठरते. मधोमध पिन मारलेल्या अंकाची पृष्ठसंख्या चारच्या पटीत असावी लागते. गुळगुळीत आर्ट पेपरवर छायाचित्रे उठावदार दिसतात. मॅपलिथो कागद दीर्घ वाचनासाठी डोळ्यांना सुखद असतो. काही पत्रिका लेखांसाठी एक आणि चित्रांसाठी दुसरा कागद वापरतात.

हे निर्णय झाल्यावर एक नमुना अंक, म्हणजे डमी, तयार केला जातो. त्यात कृत्रिम मजकुराऐवजी मागील अंकातील खरे लेख घातल्यास लांब शीर्षके, तळटिपा आणि कोष्टके नव्या रचनेत बसतात की नाही हे समजते. अखेरीस छपाईपूर्व प्रूफ मूळ वस्तूंच्या छायाचित्रांशी ताडून पाहिले जाते.

देवनागरीचे विशेष प्रश्न

महाराष्ट्रातील संग्रहालयांची प्रकाशने बहुधा इंग्रजी, मराठी किंवा दोन्ही भाषांत निघतात. दृश्य ओळख प्रथम रोमन लिपीत तयार करून नंतर तिचे देवनागरी रूप जोडले, तर मांडणीत अनेक अडचणी उद्भवतात.

देवनागरी अक्षरांना वर मात्रा, वेलांट्या, रफार व अनुस्वार आणि खाली उकार व जोडाक्षरांचे भाग असतात. त्यामुळे रोमन मजकुरासाठी ठरवलेले ओळींमधील अंतर देवनागरीला अपुरे पडते आणि वरच्या ओळीतील उकार खालच्या ओळीतील वेलांटीला भिडतो. एकाच बिंदुमापात छापलेली देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या तुलनेत अनेकदा लहान भासतात. इंग्रजीतील मोठ्या व लहान लिपीसारखा भेद देवनागरीत नसल्याने केवळ मोठ्या लिपीवर आधारलेल्या बोधचिन्हाला समांतर देवनागरी रूप वजन, जाडी आणि शिरोरेषा यांच्या आधारे नव्याने घडवावे लागते. अक्षरांमधील अंतर वाढवण्याची रोमन लिपीतील पद्धत देवनागरीत वापरल्यास शिरोरेषा तुटते.

मराठीतील 'ल' आणि 'श' यांची रूढ वळणे हिंदीतील वळणांहून भिन्न आहेत. युनिकोडमध्ये दोन्ही भाषांसाठी या अक्षरांचे संकेतांक एकच असल्यामुळे मराठी वळण मिळण्यासाठी टंकात तशी सोय असावी लागते आणि मजकुराची भाषा मराठी असल्याची नोंद संगणकावर करावी लागते. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाद्वारे मराठीसाठीच्या देवनागरी वर्णमालेचे प्रमाणीकरण केले. 'तऱ्हा', 'वाऱ्यावर' यांसारख्या शब्दांतील 'र'चे विशेष रूप नीट उमटते की नाही, ही मराठी टंकाची व्यवहारातील सोपी कसोटी मानता येते.

देवनागरी मुद्रणाची मुंबईतील परंपरा जुनी आहे. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याचे टंक एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध होते. संगणकयुगात कवी, सुलेखनकार व अध्यापक र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी 'मंगल' या देवनागरी टंकाची रचना केली. मुंबईतील एक टाइप या समूहाने 'मुक्ता' व 'बलू' हे खुल्या परवान्याचे टंक उपलब्ध करून दिले असून त्यांत देवनागरी व रोमन अक्षरे परस्परांशी मेळ राखून घडवलेली आहेत. अशा टंकांमुळे मोठा खर्च न करता द्विभाषिक प्रकाशनांत समतोल साधणे लहान संस्थांनाही शक्य झाले आहे.

युनिकोडपूर्व टंकांत जुळवलेल्या अंकांचा प्रश्न वेगळा आहे. त्या धारिकांमधील मजकूर मूळ टंक नसल्यास वाचता येत नाही व शोधताही येत नाही. पुनर्मांडणीच्या वेळी असे जुने लेख युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेतले जातात. रूपांतरात जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांट्या यांत चुका होण्याचा संभव असल्याने मूळ छापील अंकाशी पुन्हा मुद्रितशोधन आवश्यक ठरते.

सातत्य आणि नोंदणी

नियतकालिकांना आठ अंकी आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांक दिला जातो. तो आयएसएसएन या नावाने ओळखला जातो. केवळ मुखपृष्ठ, टंक किंवा आकार बदलल्यास हा क्रमांक बदलत नाही. शीर्षकात महत्त्वाचा बदल झाल्यास मात्र नवा क्रमांक घ्यावा लागतो. शीर्षकात समाविष्ट असलेले संस्थेचे नाव बदलणे हाही असा बदल समजला जातो. छापील आणि ऑनलाइन आवृत्त्यांना स्वतंत्र क्रमांक असतात. यावरून संस्थेचे पूर्ण नाव शीर्षकात घालण्याऐवजी स्वतंत्र, स्थिर शीर्षक ठेवण्याचा पर्याय पुढे येतो. तसे केल्यास नामांतरानंतरही पत्रिकेचा सलग इतिहास तालिकेत एकाच नावाखाली राहतो.

भारतात नियतकालिकांच्या नोंदणीसाठी १८६७ चा कायदा दीर्घकाळ लागू होता. त्याची जागा घेणारा वृत्तपत्र व नियतकालिक नोंदणी अधिनियम, २०२३ हा १ मार्च २०२४ पासून अमलात आला. सार्वजनिक घडामोडी व त्यांवरील भाष्य असणारी नियमित प्रकाशने त्याच्या कक्षेत येतात; वैज्ञानिक, तांत्रिक व शैक्षणिक स्वरूपाच्या पत्रिका वगळण्यात आल्या आहेत. संशोधनपत्रिकेचे सर्वसाधारण वाचकांच्या मासिकात रूपांतर करताना हा भेद लक्षात घ्यावा लागतो.

नाव किंवा क्रमांकन बदलल्यास पहिल्या नव्या अंकात जुने शीर्षक, अखेरचा जुना अंक आणि बदलाचे कारण यांची स्पष्ट नोंद देण्याची पद्धत ग्रंथपालांना उपयुक्त ठरते. जुन्या अंकांची सूची नव्या रूपातही उपलब्ध ठेवणे हा याच सातत्याचा भाग आहे.

सुलभता

कमी दृष्टी असलेल्या वाचकांच्या दृष्टीने अक्षर आणि पार्श्वभूमी यांतील रंगभेद पुरेसा असणे आवश्यक आहे. संकेतस्थळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या आकाराच्या मजकुरासाठी हे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे लागते. फिकट करड्या अक्षरांतील चित्रओळी या कसोटीला अनेकदा उतरत नाहीत. ऑनलाइन आवृत्तीत पानांची केवळ चित्रे न देता निवडता येणारा मजकूर दिल्यास दृष्टिहीन वाचकांना तो संगणकाकडून वाचून घेता येतो.

टीका आणि मतभेद

पुनर्मांडणीवर घेतला जाणारा मुख्य आक्षेप असा, की तीत संस्थेच्या प्रसिद्धीला ज्ञानापेक्षा अधिक महत्त्व मिळते. चित्रे मोठी होतात, लेख आखूड होतात आणि तळटिपा गळतात. मेट्रोपॉलिटन म्युझियमने १९७१ पासून वापरात असलेले, पुनरुज्जीवनकालीन काष्ठमुद्रेवर आधारित 'एम' हे चिन्ह २०१६ मध्ये बदलले, तेव्हा नव्या बोधचिन्हावर तीव्र टीका झाली. परिचित चिन्हाशी लोकांचे नाते जडलेले असते, हे त्या वादातून दिसून आले.

याउलट, जुने रूप जसेच्या तसे ठेवल्यास पत्रिका मोजक्या तज्ज्ञांपुरती उरते, असा पुनर्मांडणीच्या समर्थकांचा युक्तिवाद आहे. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या संग्रहालयाने आपला संग्रह सामान्य नागरिकाला त्याच्या भाषेत आणि वाचनीय रूपात समजावून सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे, असे ते मानतात. काही संस्था संशोधनपत्रिका आणि लोकाभिमुख मासिक ही दोन स्वतंत्र प्रकाशने ठेवून दोन्हींना एकाच दृश्य ओळखीत गुंफतात. मनुष्यबळ व निधी मर्यादित असलेल्या लहान संग्रहालयांना एकाच अंकाचे दोन विभाग करण्याचा मार्ग अधिक व्यवहार्य ठरतो.

हेही पाहा

• छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय
• डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय
• मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाणे
• देवनागरी
• निर्णयसागर
• आयएसएसएन